ब्राह्मणेतर पक्षाचा हक्काचा मतदार कां गेला?

(एका खेड्यांत सत्यशोधक मंडळींच्या बैठकीपुढें केलेलें भाषण)



निवडणूक जवळ आली कीं चावडीवर, पिठाच्या गिरणीवर, न्हाव्याच्या दुकानांत एकच गोष्ट चालते. अमक्या पक्षाचीं हक्काचीं मतें यंदां टिकतात कीं फुटतात? कोणी म्हणतो कुणबी फिरला, कोणी म्हणतो माळी फिरला, कोणी म्हणतो बायांनीं गुपचूप भलतेंच बटण दाबलें. या गप्पा ऐकावयास आम्हांसहि आवडतात. परंतु त्यांतला एक शब्द आम्हांस खटकतो. तो 'हक्काचीं' हा. सातबाऱ्यावर खातेदाराचें नांव असतें, तसें कोणा पक्षाचें नांव आमच्या मतावर चढलेलें आहे काय? पक्षाचे पुढारी तसें समजून चालतात. फेरफार झाल्याचें त्यांना कळतें तें निकालाच्या दिवशीं. तलाठ्याच्या वहींत तो केव्हांच झालेला असतो.

आज चालू असलेल्या पक्षांचे हिशेब अजून बंद झालेले नाहींत, आणि ते येथें सगळेच उघडले तर आपल्यापैकीं अर्धी मंडळी उठून जातील. म्हणून आम्ही एक बंद झालेलें खातें घेतों, तेंहि आपल्याच घरचें. मुंबई इलाख्यांतला ब्राह्मणेतर पक्ष १९२० सालीं कायदेकौन्सिलांत शिरला आणि १९३७ च्या निवडणुकींत जवळजवळ वाहून गेला. ज्या कुणब्या-माळ्यांच्या, साळ्या-कोष्ट्यांच्या नांवावर तो उभा राहिला त्यांनींच त्याला सोडलें. कां सोडलें, आणि सोडणार हें आधीं कळण्यासारखें होतें कीं नव्हतें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम त्या काळीं मतदार म्हणजे कोण, तें समजून घ्या. आज अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मत मिळतें. मालक असो कीं मजूर, एकाला एकच. तेव्हां तसें नव्हतें. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालीं इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये आकाराची जमीन ज्याच्याकडे, त्याला मत. रत्नागिरीसारख्या कांहीं जिल्ह्यांत १६ रुपये. शिवाय प्राप्तीवरचा कर भरणारे आणि पेन्शनी शिपाई. आतां कोरडवाहू जमिनीला एकरीं रुपया आकार धरा. म्हणजे ३२ एकरांचा धनी झाला तेव्हां तो मतदार झाला. ज्याच्या घरीं दोन बैल आणि दहा एकर माळ, तो नव्हे. त्या ३२ एकरवाल्याचा नांगर जोडून देणारा सुतार नव्हे, फाळ ठोकणारा लोहार नव्हे, मोट शिवणारा चांभार नव्हे. स्त्रियांवरची बंदी मुंबई कौन्सिलनें १९२१ सालीं उठविली खरी, पण मालमत्तेची अट तीच राहिली. आणि ३२ रुपये आकाराची जमीन त्या काळीं किती बायकांच्या नांवें असे, हें तुम्हीच सांगा.

म्हणून पक्षाच्या सभेला येणारे लोक एक, आणि पक्षाला मत देणारे लोक दुसरे, असा प्रकार पहिल्या दिवसापासून होता. तमाशाच्या फडांत, जलशांत, बिनभटाच्या लग्नांत गर्दी करणारे हजारों. पण मतपेटीपाशीं जाणारे गांवचे पाटील, देशमुख, मोठे बागाईतदार आणि निवृत्त सुभेदार. पुढाऱ्याचा कान हळूहळू ज्याचें मत आहे त्याच्याकडेच वळतो. यांत कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता. यंत्रच तसें बसविलेलें होतें.

दुसरी गोष्ट राखीव जागांची. मुंबई कौन्सिलांत 'मराठा व तत्सम जाती' यांच्याकरितां ७ जागा राखून ठेवल्या होत्या. आम्ही शाळेंत मुलांना तत्सम आणि तद्भव शब्द शिकवितों. तत्सम म्हणजे मुळांत जसा होता तसाच आलेला, तद्भव म्हणजे वाटेंत झिजून गेलेला. कायद्यानें माळी, तेली, न्हावी, सुतार यांना तत्समांत घातलें असेल; पण मोजमाप जमिनीचें असल्यावर उमेदवारीच्या वेळीं कोणाचें पारडें जड राहणार आणि कोण झिजणार हें उघड होतें.

हें विठ्ठल रामजी शिंदे यांनीं त्याच वेळीं ओळखलें होतें. १९२० सालीं त्यांना मराठ्यांच्या राखीव जागेवर उभें राहणें सोपें होतें. ते राहिले नाहींत. जातवार जागा त्यांना पटत नव्हत्या, म्हणून ते पुण्यांतून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. त्यांनीं बहुजन पक्षाचा जो जाहीरनामा काढला त्यांत जातींचीं नांवें मांडण्याऐवजीं शेतकरी, शिपाई, शिक्षक, मजूर, स्त्रिया, अस्पृश्य अशी धंद्याची आणि स्थितीची मांडणी होती. शिक्षकहि बहुजनांत धरला होता याचें आम्हांस विशेष वाटतें. पगार पाहिला तर तो धरावयास हरकतहि नव्हती. शिंदे पडले, पण त्यांच्या मांडणीकडे पक्षानें पाहिलें असतें तर १९३७ सालची पाळी कदाचित् आली नसती.

आतां पक्षानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. मशागत त्याच्याहि आधींची. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज काढला. १८७७ पासून 'दीनबंधु' निघूं लागला. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनीं नगर जिल्ह्यांतल्या खेड्यांतून 'दीनमित्र' चालविला, तो १९६७ पर्यंत. खेड्यांतून साप्ताहिक चालविणें म्हणजे काय हें ज्यानें टपालाची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें आणि पुढें जातीजातींचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०२ सालीं मागासलेल्यांसाठीं निम्म्या नोकऱ्या राखल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काल्यास रयत शिक्षण संस्था काढली. एवढी जमीन नांगरून झाल्यावर पक्षाचें बीं पडलें.

कौन्सिलांतहि काम झालें. भास्करराव जाधव शिक्षणमंत्री झाले. कोल्हापुरांत १९११ सालीं सत्यशोधक समाज पुन्हां उभा केला त्याचे ते अध्यक्ष. माणूस अभ्यासू आणि स्वच्छ. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळा लोकलबोर्डांच्या हातीं आल्या. बोर्डांत कुणब्या-मराठ्यांची संख्या वाढत गेली, तसा त्यांच्या मुलांना मास्तरकीचा मार्ग मोकळा झाला. ज्या गांवांत कुलकर्ण्याशिवाय कागद वाचणारा नव्हता, तेथें कुणब्याचा पोरगा फळ्यापुढें उभा राहिला. ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यासारख्यांना आज येथें बोलतां येतें त्याचें एक मूळ तेथें आहे.

पण येथेंच खोच आहे. शाळेमुळें, वसतिगृहामुळें, बोर्डाच्या नोकरीमुळें ज्याचें भलें झालें तो घरांतला एक मुलगा. बाकीचे चार भाऊ शेतावरच राहिले. त्यांचें दुखणें कोणतें होतें? सारा, सावकार आणि भाव. या तिहींविषयीं पक्ष काय म्हणत होता, हें शोधूं गेलें तर थोडें सांपडतें. पुण्यांत मोठीं रणें माजत होतीं. १९२५ सालीं केशवराव जेध्यांनीं नगरपालिकेंत जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. त्याच सालीं दिनकरराव जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' निघालें, त्यावर खटला झाला, आणि अपिलांत वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. या भांडणांचीं कारणें खरीं होतीं. अपमान गिळून बसणारा समाज कधीं उभा राहत नाहीं. परंतु सावकाराकडे गहाण पडलेली जमीन पुतळ्याच्या ठरावानें सुटत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

अस्पृश्य बंधूंचेंहि असेंच झालें. १९२० च्या मार्चांत माणगांवच्या परिषदेंत शाहू महाराजांनीं आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांपुढें उभें केलें. महाराज ६ मे १९२२ रोजीं गेले. १९२७ सालीं महाडचा संग्राम सुरू झाला, तेव्हां जेधे-जवळकरांनीं पाठिंबा देऊं केला, पण अट घातली कीं चळवळींत ब्राह्मण नकोत. आंबेडकरांनीं अट मानली नाहीं. माणसाच्या जन्मावरून त्याला बाहेर ठेवावयाचें नाहीं, भांडण ब्राह्मण्याशीं आहे, अशी त्यांची भूमिका. विचार करा. ज्याचा पाणवठा बंद आहे त्याला मदत करतांना आपण अट घालावयाची! पुढें १९३६ सालीं त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला. महार, मांग, चांभार हे ब्राह्मणेतरच होते ना? मग ब्राह्मणेतर पक्ष त्यांचा कां राहिला नाहीं? जो सगळ्यांत खालीं होता तोच सगळ्यांत आधीं बाहेर पडला, आणि वरच्यांना वाटलें कीं कांहीं बिघडलें नाहीं.

मग मंदी आली. १९२९ नंतर दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्यावर उतरले. सारा मात्र रोखींत, ठरलेला. पूर्वीं साऱ्यासाठीं दोन पोतीं ज्वारी विकावी लागे तेथें चार विकावीं लागलीं, आणि सावकाराचें व्याज तें निराळेंच. त्याआधीं १९२७ सालीं सरकारनें जमिनीच्या तुकड्यांविषयीं बिल आणलें होतें. लहान खातेदाराची जमीन जाईल या भयानें खेडोपाडीं विरोध उठला आणि तें बिल पुढें मागें पडलें. त्या विरोधांत जेध्यांसारखे तरुण ब्राह्मणेतर आणि काँग्रेसचे लोक एकाच मांडवांत बसले. १९२८ सालीं बारडोलीच्या पाटीदारांनीं साराबंदी करून सरकारला नमविलें. गुजराथेंतल्या शेतकऱ्याला जें जमलें तें आपल्याला कां जमूं नये, असा प्रश्न सातारच्या, पुण्याच्या, नगरच्या पोरांच्या मनांत आल्यावांचून कसा राहील?

१९३० साल या कथेचें खरें निर्णयाचें साल आहे, १९३७ नव्हे. त्या सालीं भास्करराव जाधव गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेले, आणि त्यांच्याच चळवळींत वाढलेलीं पोरें रानांत गेलीं. जंगल सत्याग्रह हा शेतकऱ्याला समजणारा सत्याग्रह होता. गुरांची चराई, सरपण, पाचोळा यांवर सरकारनें घातलेलें कुंपण तोडावयाचें होतें. सातारा जिल्ह्यांत बिळाशीला तो गाजला. कुलाबा जिल्ह्यांत चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजीं गोळीबार झाला आणि शेतकरी पडले. नाना पाटील तलाठी होते. त्यांनीं नोकरी टाकली आणि चळवळींत उडी घेतली. हे नाना पाटील कोण? सत्यशोधकांच्या तालमींत तयार झालेले. केशवराव जेधेहि काँग्रेसकडे वळले. जवळकर शेवटच्या काळांत शेतकरी-मजुरांची बाजू मांडूं लागले होते. ते १९३२ सालीं ऐन तारुण्यांत गेले.

म्हणजे पाहा, पक्ष सोडून पहिल्यानें गेले ते मतदार नव्हेत. पहिल्यानें गेले ते सभेला सतरंजी टाकणारे, जलशांत डफ वाजविणारे, घरोघर हस्तपत्रकें वाटणारे. मतदार त्यांच्यामागून सात वर्षांनीं गेला. या सात वर्षांत पक्षाच्या पुढाऱ्यांना कांहीं कमी पडल्यासारखें दिसलें नाहीं. ज्यांचें मत होतें ते पाटील-देशमुख अजून रामराम करीत होते, बोर्डें हातांत होतीं, अधिकारी मान देत होते. घराचा वासा आंतून पोखरला जातो तेव्हां वरची माती तशीच राहते.

मग १९३५ चा कायदा आला आणि मताची अट ३२ रुपयांवरून ८ रुपयांवर आली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मिळून तीन कोटींच्या आसपास मतदार झाले. आमच्या मतें पक्षाच्या पराभवाचें सर्वांत मोठें कारण हेंच, आणि पुढाऱ्यांच्या भांडणांच्या गोष्टी सांगतांना तें हटकून राहून जातें. जो आठ-दहा एकरांचा कुणबी आजवर सभेला येई पण पेटीपाशीं जाऊं शकत नसे, तो आतां पेटीपाशीं आला. त्याच्या तोंडीं 'सारा कमी करा' हा शब्द होता, आणि तो शब्द त्याच्या गांवांत कोणी बोलला होता? जंगल सत्याग्रहांत तुरुंग पाहून आलेल्या त्याच्याच भाऊबंदानें. पक्षाच्या जुन्या मतदारानें दगा दिला असें म्हणण्यापेक्षां, पक्षाचा खरा मतदार १९३७ सालीं प्रथमच मत द्यावयास आला आणि त्याला पक्ष ओळखीचा वाटला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें.

काँग्रेसनेंहि शहाणपण केलें. डिसेंबर १९३६ मध्यें तिनें आपलें अधिवेशन पहिल्यानेंच खेड्यांत, खानदेशांत फैजपूरला भरविलें. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. शहरी वकिलांचा पक्ष शेतकऱ्याच्या मळ्यांत मांडव घालतो हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. उमेदवारहि खेड्यांतले निवडले. सातारा जिल्ह्यांत यशवंतराव चव्हाण तेव्हां शिकणारे तरुण होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं आग्रह धरून आत्माराम पाटील या शेतकरी कार्यकर्त्याला काँग्रेसचें तिकीट मिळवून दिलें, आणि ते निवडून आले. हा जिल्हा ब्राह्मणेतर पक्षाचा बालेकिल्ला! तेथल्या पक्षाचे मोठे पुढारी धनजीशहा कूपर. लोखंडी नांगराचा कारखाना काढणारे कर्तबगार पारशी गृहस्थ.

निकाल लागला. १७५ जागांच्या असेंब्लींत निम्म्याच्या आसपास जागा एकट्या काँग्रेसच्या. काँग्रेसनें आरंभीं मंत्रिमंडळ करण्याचें नाकारलें, तेव्हां गव्हर्नरनें याच धनजीशहा कूपर यांना मुख्यमंत्री केलें. १ एप्रिल १९३७ ते १९ जुलै १९३७, साडेतीन महिने. नंतर बाळासाहेब खेर आले. म्हणजे ज्या सालीं पक्षाचा मतदार गेला त्याच सालीं पक्षाच्या पुढाऱ्याला राज्यांतली सर्वांत मोठी खुर्ची मिळाली! खुर्ची आणि मतदार यांचा संबंध किती थोडा असतो, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मतदाराला काँग्रेसकडून काय मिळालें? १९३९ सालीं कूळकायदा झाला, कर्जनिवारणाचा कायदा झाला. दोन्ही अपुरे, सगळीकडे एकदम लागूहि झाले नाहींत. तरी आपल्या दुखण्याचें नांव कायद्याच्या पुस्तकांत आलें, एवढ्यावरहि शेतकरी थांबला.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळांनीं पाहिलेली आहे. काँग्रेसमध्यें गेलेली हीच मंडळी, शंकरराव मोरे, केशवराव जेधे, नाना पाटील वगैरे, दहा वर्षांनीं काँग्रेसवर नाराज झाली आणि १९४७-४८ च्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. आतां तर प्रत्येक प्रौढाला मत होतें. कुणब्याचा, मजुराचा पक्ष, खेड्यांतले पुढारी, तुरुंगांत गेलेले कार्यकर्ते. सगळें जुळून आलें होतें. पण १९५२ च्या निवडणुकींत मुंबई राज्याच्या ३१५ जागांपैकीं काँग्रेसला २६९, आणि या पक्षाला १४. त्याआधींच पक्षांत फूट पडली होती. १९५४ सालीं जेधे काँग्रेसमध्यें परतले. मोरेहि पुढें गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत १९५७ सालीं बरें यश आलें, पण १९६२ सालीं पुन्हां काँग्रेस २६४ पैकीं २१५ आणि हा पक्ष १५. दरम्यान साखर कारखाने निघाले होते, जिल्हापरिषदा आल्या होत्या. हुशार तरुण कार्यकर्त्याला दिसत होतें कीं गावाला रस्ता हवा, पाट हवा, शेअर हवा, तर वाट एका विशिष्ट दारांतून जाते. तो गेला. त्याच्यामागून मतें गेलीं.

ज्या ठिकाणीं कार्यकर्ता गेला नाहीं तेथें मतेंहि राहिलीं. सांगोल्यास गणपतराव देशमुख अकरा वेळां निवडून आले. एस्टीनें फिरणारा आमदार म्हणून त्यांचें नांव होतें. ते २०२१ सालीं वारले. २०२४ च्या विधानसभेंत साऱ्या महाराष्ट्रांत पक्षाची एकच जागा आली, ती सांगोल्याची, त्यांच्या नातवाची. अलिबागचा पिढ्यान्‌पिढ्यांचा गड २०१९ सालींच हातचा गेला होता.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, हें जुनें झालें, आजचें बोला. बरें, एकच उदाहरण घेतों, आणि तें आम्हां सर्वांच्या घरांतलें, कांद्याचें. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. भाव पडले. बंदी उठली ती मे २०२४ च्या आरंभीं, ऐन लोकसभेच्या तोंडावर, आणि तेव्हांहि निर्यातीवर चाळीस टक्के कर ठेवूनच. नाशकाकडच्या कांदेवाल्यांनीं राग काढला. दिंडोरीस केंद्रांतल्या राज्यमंत्री पडल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. (शाळामास्तराचा विजय रोज रोज होत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगितलें.) तेथें तुतारीशीं साम्य असलेलें चिन्ह मिळालेल्या एका अपक्षालाहि लाखावर मतें पडलीं, आपल्या लोकांनीं चिन्हें नीट पाहावयास शिकावें, हा धडा निराळा. त्या जूनमध्यें सगळीकडे बोललें गेलें कीं सत्ताधाऱ्यांचा शेतकरी मतदार गेला, मराठा मतदार गेला.

गेला काय? सहा महिन्यांच्या आंत, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेंत, त्याच महायुतीला २८८ पैकीं २३० च्या वर जागा मिळाल्या. नाशिक जिल्ह्यांतल्या १५ पैकीं १४ तिच्या. मधल्या काळांत लाडक्या बहिणींच्या खात्यांवर महिना १५०० रुपये पडूं लागले होते, हें एक कारण. तेवढेंच असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जूनमध्यें मतदार रागावला होता, पण गांवागांवांतला त्यांचा कार्यकर्ता, मतदार यादी घेऊन बसणारा, म्हाताऱ्यांना गाडींत घालून आणणारा, आमच्या पाहण्यांत तरी जागेवरच होता. आणि रागावलेल्याला कायमचें जाऊन राहतां येईल असें दुसरें घर कोणी बांधून ठेवलेलें नव्हतें. १९३० ते १९३७ या सात वर्षांत तें घर बांधलें गेलें होतें. जंगलांत, तुरुंगांत आणि फैजपूरच्या मळ्यांत. सहा महिन्यांत तें बांधून होत नाहीं.

म्हणून कोणी विचारलें कीं अमक्या पक्षाचा हक्काचा मतदार सुटतो आहे काय, तर आम्ही त्याला सांगतों, वर्तमानपत्रांतले अंदाज घटकाभर बाजूला ठेव आणि आपल्या गांवांत फिरून ये. त्या पक्षाच्या सभेच्या खुर्च्या कोण मांडतो, गांवचा पोरगा कीं रोजंदारीवर आणलेला माणूस? कारागिराच्या, मजुराच्या घरीं मत मागावयास कोणी येतें, कीं पाटलाच्या ओसरीवर चहा पिऊन सगळ्या वाड्यांचा हिशेब तेथेंच लावला जातो? पंचायत समितीला सुताराच्या, साळ्याच्या, वडाराच्या पोराला कधीं उभें केलें आहे काय? बाजारांत भाव पडला त्या दिवशीं पक्षाचा माणूस बाजारांत होता काय? आणि महारवाड्यांतून, मातंगवस्तींतून कोणी पूर्वीं येत असे तो यायचा थांबला आहे काय? कारण तेथून पहिला माणूस निघतो.

आपल्या या बैठकीला आज ज्यांना मत आहे त्या सगळ्या जातींचे लोक आहेत, आणि बायामाणसेंहि निम्म्याच्या जवळ आहेत, ही गोष्ट १९२० सालीं कोणाला स्वप्नांतहि खरी वाटली नसती. बायांनीं आज कोणी कांहीं विचारलें नाहीं. पुढच्या खेपेस आधीं त्यांनीं बोलावें, मग आम्ही.

पुढच्या बैठकींत शिंद्यांचा बहुजन पक्षाचा जाहीरनामा वाचावयाचें ठरलें आहे. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या पेटींत 'दीनमित्रा'चे जुने अंक, जलशांचीं पदें, बोर्डाच्या निवडणुकीचीं हस्तपत्रकें किंवा सारा भरल्याच्या जुन्या पावत्या असतील, त्यांनीं त्या घेऊन याव्या. पावतीवरचा आकडा पाहिला म्हणजे आपल्या घरांत १९२० सालीं मत होतें कीं नव्हतें, तें प्रत्येकाला आपलें आपल्याला काढतां येईल.